काळ्या सायकलीवरची सोनेरी रेघ

चाकातली हवा नेमकी तिच्या दुकानाच्या पायरीसमोर गेली, नाहीतर तो सरळ पुढे निघून गेला असता.

“पंक्चर काढता का, ताई?”

“नाही. इथे सायकली नटवतात,” ती मान वर न करता म्हणाली. “पंक्चरवाला पुढच्या चौकात.”

बाहेर रिपरिप चालू होती. तो हलला नाही. भिंतीवर टांगलेल्या सायकलीच्या जुन्या सांगाड्याकडे बघत राहिला. काळ्या नळ्यांवरून केसाइतकी बारीक सोनेरी रेघ गेली होती.

“हिच्यावर अशीच होती,” तो म्हणाला. “भावाची सायकल. ट्रकखाली... भाऊ गेला. मी ही सांधून आणली. परवाच वेल्डरनं वरून जाड काळा रंगही मारून दिला. रेघ तेवढी राहिली.”

तिनं मान वर करून सायकलीकडे बघितलं. मग रोजचंच बोलली, “स्टिकर लावून देते. मशीन कापतं, सरळ येतं. नको झालं की काढता येतं.”

“आणि रंगानं काढली तर?”

“टवके उडतात.”

हे सांगताना तिचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. ती धडधडीत खोटं बोलत होती. भिंतीवरची रेघ तिच्या बाबांनी ओढलेली, वीस वर्षांत तिचा एक कणही उडाला नव्हता. बाबा आता आतल्या खोलीत खाटेवर होते. आधी त्यांच्या बोटांतून ब्रश गळला, मग चमचा, आता शब्दही गळत चालले होते. आणि चार महिन्यांपासून तिचा स्वतःचा हात थरथरत होता. डॉक्टरांनी कागद बराच वेळ उलटेपालटे केले आणि म्हणाले, “वडिलांचंच आहे.” तिनं ते कुणाला सांगितलं नाही. स्टिकर कापायचं मशीन आणलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकासमोर रंगाला नावं ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, सायकल ठेवून गेला. तिसऱ्या दिवशी नुसताच आला. गल्लीच्या टोकाला त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि ते हल्ली उशिरा उघडू लागलं होतं.

“ठरलं का, रंग की स्टिकर?”

“विचार चाललाय. घाईनं ठरवायची गोष्ट आहे का ही?”

“सायकलीची रेघ आहे. लग्न नाही ठरवायचंय.”

“तेही इथे ठरवून मिळतं का?”

ती हसली. स्वतःचं हसू तिला दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं... इतक्या दिवसांनी ऐकलं होतं. पहिल्या दिवशीचं ‘ताई’ त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं, हेही तिनं टिपून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी तो हळूच म्हणाला, “एक विचारू? चहा डाव्या हातानं, कुलूप डाव्या हातानं. मी दिवसभर भिंगातून घड्याळांची पोटं बघतो हो. बारीक थरथर मला चटकन दिसते.”

तिनं हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. बोटं आपापली थरथरत राहिली.

“बाबांचा आजार,” ती म्हणाली. “पुढे काय होतं ते आत जाऊन बघा.”

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. “येतो,” एवढंच म्हणाला आणि पावसात चालता झाला.

तीन दिवस तो फिरकला नाही. चौथ्या दिवशी तिनं दात-ओठ खात सोनेरी स्टिकरच्या पट्ट्या कापल्या आणि सायकलीला लावल्या. नवा रंग पुरता वाळायला पंधरा दिवस लागतात, तोवर त्यावर काही चिकटवायचं नाही. रंगाऱ्याच्या पोरीला हे पाढ्यासारखं पाठ असतं. तरी लावल्या. सायकल जाईल, विषय संपेल. एका पट्टीखाली फुगा आला, तिनं पट्टी ओढली, आणि काळी सालच तिच्यासोबत निघाली. खाली उघडं लोखंड, आणि मधोमध वेल्डिंगचा ओबडधोबड गोळा.

तो पायरीवर उभा होता.

“इथे तुटली होती होय,” तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. “वेल्डरनं मला दाखवलं नव्हतं.”

“चुकलं माझं. ओल्या रंगावर लावलं. वाटलं, तुम्ही काही येत नाही आता.”

“येणार नव्हतोच.” तो उघड्या लोखंडाकडेच बघत होता. “भावाला नुकताच स्मशानात पोहोचवून आलोय. पुन्हा तेच बघायची छाती होत नव्हती.”

“मग का आलात?”

“काम सुचेना... घाबरलेला अजून आहेच.”

ती उठली. चार महिने न शिवलेला बाबांचा लांब केसांचा ब्रश काढला, सोनेरी रंगात बुडवला आणि शाबूत नळीवर टेकवला. रेघ दोन बोटं नीट गेली, मग वेडीवाकडी भरकटली.

“बघितलंत? हे वाढतच जाणार. रेघेचं सोडा, घास तोंडापर्यंत जाणार नाही.”

त्यानं तिच्या हातातून ब्रश घेतला. “मला शिकवा.”

“तुम्हाला नाही जमायचं.”

“वेळ लागेल. बरीच वर्षं लागतील. डोकं जड आहे माझं.”

“माझ्याकडे बरीच वर्षं नाहीत.”

“आहेत तेवढी द्या. हात माझे वापरू... तुम्ही नुसतं रागवायचं.”

तिनं उजव्याच हातानं डोळे पुसले. हात थरथरला, तिनं थरथरू दिला.

तो सायकलीवर वाकला होता.

“तो घड्याळाचा चिमटा नाही,” ती म्हणाली. “करंगळी नळीवर टेका. श्वास रोखा... आता ओढा. हळू. माझ्याकडे काय बघताय, रेघेकडे बघा.”