पुन्हा टाक

“सूनबाईचे आकडे आपणच ठरवू. स्वतः टाकले तर डोक्यावर मिरे वाटेल.”

चुलत सासऱ्यांचं हे वाक्य तिच्या कानांसाठी नव्हतं; पण चहाचे कप आणायला गेलेल्या माणसाला दाराआडचं ऐकू येतंच. तिनं कप मांडले.

जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेबारा. जेवणाच्या टेबलावर तिचा नवरा, धाकटा दीर आणि हेच काका खेळायला बसले होते. खेळ काका चालवायचे. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तीन आकड्यांची बेरीज म्हणजे पात्राची शक्ती. मग तशीच बुद्धी, तशीच चपळाई. पुढे मोहिमा फत्ते होतील तसा एकेक गुण वाढायचा.

तिनं खुर्ची ओढली आणि फाशांकडे हात नेला.

“थांब!” काकांचा आवाज खाली गेला. “माझ्या एका मित्राच्या घरी घडलेलं सांगतो. त्याच्या बहिणीनं पहिल्याच खेपेला तीन सहा टाकले. भाऊ म्हणाले, लबाडी केलीस, पुन्हा टाक. लहान आकडा पडेपर्यंत टाकायला लावलं. पुढे सगळ्यांचे गुण वाढले, हिला मात्र ‘पुढच्या शनिवारी बघू’. त्यातच ती तापानं गेली. तेव्हापासून त्या टेबलावर कुणी नव्यानं फासे टाकले की...”

“वहिनीला कशाला घाबरवता, काका?” दीर म्हणाला. स्वतःचे पाय मात्र त्यानं खुर्चीवर घेतले होते.

“...ताई येते.”

“ताई? म्हणजे तुमची? आमची आत्या?”

काकांनी कप तोंडाला लावला.

तिनं फासे उचलले. टाकले.

दिवे गेले.

फासे थांबले... एक थांबला नाही. टेबलाच्या कडेकडेनं घरंगळत राहिला. आवाज काकांच्या पुढ्यात आला. थांबला.

“पुन्हा टाक,” काका पुटपुटले. जुन्या सवयीनं.

कुणीच हात लावला नाही. तरी तो खडखडला...

दिवे आले.

टेबलावर पाच फासे होते. पाचवा पिवळा पडलेला, कडा झिजलेला. वर सहा.

“ताईचा फासा,” काका म्हणाले. नवरा तिचा दंड धरून उठवू लागला. तिनं दंड सोडवून घेतला आणि त्या घरात पहिल्यांदाच खणखणीत आवाजात म्हणाली,

“काका, सहा धरा. आणि जरा सरका, आत्याबाईंना बसायला जागा द्या.”