टिटवीने नाकारलेले गाठोडे

"सही जुळत नाही. हे गाठोडं मी उघडणार नाही," टिटवी केतकीला पुन्हा म्हणाली.

टिटवी म्हणजे समुद्रतळावरच्या संशोधन केंद्राचे दार सांभाळणारा रोबो (यंत्रमानव). दाराबाहेर, काळ्याकुट्ट पाण्यात, केतकीचे बाबा छोट्या पाणबुडीत अडकले होते. खडकावर आपटून पाणबुडीची एका बाजूची हवेची टाकी फुटली होती. ती तिरकी झाली होती आणि टिटवीच्या पोलादी हातांना फक्त सरळ पाणबुडी धरता येत होती. आतली हवा संपत चालली होती. तुम्ही असता तर घाबरला नसता, असे मला कोणी सांगू नये.

केतकीच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, घाईघाईने एक एक्स्टेंशन (मूळ प्रोग्रॅमला नवे काम शिकवणारी छोटी पुरवणी) लिहिले होते. तिरकी पाणबुडी कशी धरायची, ते त्यात होते. त्याचे पॅकेज (सगळ्या फाइल्सचे एकत्र बांधलेले गाठोडे) करून, त्यावर सही करून त्यांनी ते टिटवीला पाठवले होते. टिटवी काही ऐकेना.

"नाना, ती तपासणीच बंद करा ना!" केतकी रडकुंडीला आली.

नानांचा हात खरोखरच तपासणी बंद करायच्या बटणाकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला. "नको. गाठोड्यात काही बिघडलं असेल तर हात अर्धवट धरतील, दार उघडेल आणि समुद्र आत येईल. मग बाबाही नाही आणि आपणही नाही. आधी चूक शोधू."

"पण तुम्ही नाव लिहिलंत ना? मग?"

"नाव नाही गं." नाना बोलता बोलता पडद्यावर बोटे चालवत होते. गप्प बसले असते तर त्यांनाही रडू फुटले असते. "गाठोड्यातल्या प्रत्येक अक्षरावरून संगणक एक लांबलचक आकडा काढतो. त्याला ठसा म्हणायचं. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. तो ठसा मी माझ्या खासगी किल्लीनं (फक्त माझ्याजवळ असलेला गुप्त आकडा) बंद करतो. हीच सही. टिटवीकडे जोडीची किल्ली आहे. तिनं ती लावली की माझा ठसा दिसतो. मग ती स्वतः गाठोड्याचा ठसा काढते आणि दोन्ही ताडून बघते."

"आई लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधते, तसं? गाठ वेगळी दिसली की तिला कळतं, कुणीतरी हात मारलाय."

"अगदी तसं."

नानांनी किल्ली तपासली. बरोबर होती. सहीची मुदत तपासली. संपलेली नव्हती. तेवढ्यात पाणबुडी दारावर कर्रकन घासली आणि रेडिओवर बाबांचा आवाज आला, "नाना, श्वास घ्यायला जड जातंय."

 केतकी म्हणाली, "किल्ली बरोबर, मुदत बरोबर. म्हणजे गाठोडंच बदललंय. सही केल्यावर कुणी उघडलं होतं का?"

"छे! माझ्याशिवाय इथे आहे कोण?" म्हणता म्हणता नानांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मीच! सही झाली आणि आठवलं, वर 'श्री' लिहायचं राहिलं. पोराचा जीव टांगणीला, म्हटलं, तेवढं तरी चुकायला नको."

नवी वही असो की नवा प्रोग्रॅम, 'श्री' लिहिल्याशिवाय नानांचा हात पुढे जात नसे. त्या 'श्री'ने प्रोग्रॅम बिघडला नव्हता. ठसा मात्र बदलला होता.

नाना ते अक्षर पुसायला निघाले. "राहू द्या," केतकी म्हणाली. "पुन्हा बांधा आणि सही सगळ्यात शेवटी करा."

नानांनी सही करताच तिने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

"सही जुळली," टिटवी म्हणाली.

पोलादी हात तिरके वळले. खट्ट आवाज झाला, पाणी उपसले गेले आणि दार उघडले. बाबांचे ओठ निळे पडले होते. केतकी त्यांना बिलगून ढसाढसा रडली. मग टिटवीवर उसळली, "बाबा गेले असते, तरी तू उघडलं नसतंस?"

"नसतं," टिटवी म्हणाली. "आत तू होतीस."

केतकीने डोळे पुसले. मग तिने विचारले, "नाना, मला माझी किल्ली कधी करून द्याल?"

"उद्याच. मग टिटवी तुझंही ऐकेल."

"तपासून," टिटवी म्हणाली.