मँडरिनसाठी खारं पाणी

“दगड घासायचा नाही हं, प्रज्ञा. काच पूस, पंप धू, पण दगडाला हात लावू नकोस. तो जिवंत आहे.”

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना बाबांचा हा आवाज प्रज्ञाला पुन्हा ऐकू आला आणि तिची मान खाली गेली. दगड तिने घासला होता. माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळं घर पुसून काढलं, बुद्धमूर्तीपुढची वाटी लखलखीत केली, आणि त्याच उत्साहात बाबांच्या माशाच्या, खाऱ्या पाण्याच्या दोन फुटी टाकीतले शेवाळलेले दगडही ब्रशने चोळून नळाखाली धुतले. बाबा विज्ञानाचे मास्तर. ‘जिवंत’ हे त्यांचं बोलण्यातलं कौतुक, असं तिला वाटलेलं.

पण त्या दगडाच्या भोकाभोकांत टाचणीच्या टोकाएवढे जीव राहत होते. टाकीतला मँडरिन मासा दिवसभर तेवढेच टिपून जगत होता. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा... जणू कुणी सावकाश बसून रंगवलाय. बाबा जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्यामागे घरात त्यांचं म्हणावं असं श्वास घेणारं तेवढंच उरलं होतं, आणि आता त्याचं पोट खपाटीला गेलं होतं. कोरड्या खाण्याकडे तो ढुंकूनही बघत नसे.

मुंबईच्या दुकानदाराने तसल्या जिवांची बाटली लाँचवरून पाठवली होती. खलाशाने ती इंजिनाजवळ ठेवलेली. प्रज्ञाने हातात घेतली, तर कोमट. उजेडात धरली. तळाशी पांढरा गाळ... काही हलत नव्हतं.

“औषध हाय का काय?” शेजारून कुणीतरी विचारलं. मोटारसायकलला मिठाची गोणी बांधणारा तरुण.

“माशाचं खाणं होतं,” ती म्हणाली. “मेलं.”

त्याने बाटली घेतली, डोळ्यांशी नेली. “हे? आमचे मिठागरान ढीगभर हाय. पहिल्या तळ्यान, जिथं भरतीचं पाणी घेतो तिथं. फडक्यान गाळलं की नुसतं वळवळतं.” मग तिच्याकडे बघून जरा हळू म्हणाला, “रडू नका. उद्या आणतो.”

“मी रडत नाहीये.”

“बरं. मग वारा असंल.”

त्याचं नाव अल्पेश. खाडीपलीकडे करंजाला त्याचं आणि त्याच्या आईचं, येसूबाईंचं, मिठागर होतं, आणि मासळी खारवणाऱ्यांना मीठ द्यायला तो तरीने, खाडी ओलांडणाऱ्या बोटीने, रेवसला येई. दुसऱ्या दिवशी तो खरंच बरणी घेऊन दारात उभा राहिला. आई चहा टाकायला आत गेली. अल्पेशने टाकीच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“अहो, हे काय करता?”

“तुमचं पाणी आमच्यापरीस थोडं गोडं हाय. एकदम ओतलं तर हे जीव मरतील. वाटी वाटी मिसळायला लागंल.”

बाबांच्या क्षारमापकाने तिने दोन्ही पाणी मोजलं. जीभ बरोबर होती. तिला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

“हसलात,” तो म्हणाला.

“तुमच्या जिभेला हसले.”

“जिभेला तर जिभेला.”

बरणी ओतायची वेळ आली तेव्हा मात्र तिचा हात थांबला. रोज पहाटे ती पंचशील घेई. प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन, हे पहिलं. बरणीत शेकडो जीव भिरभिरत होते.

“काय झालं?”

तिने सांगितलं. तो थट्टा करील, असं तिला वाटलं. पण तो पाटावर बसून राहिला.

“तुमी मारत न्हाय. मासा खातो,” तो म्हणाला.

“ही पळवाट झाली, अल्पेश.”

तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं... आणि दोघंही माशाकडे बघू लागले.

“आमी काय करतो,” तो सावकाश म्हणाला, “एका तळ्यातलं सगळं पाणी एकदम पुढं सोडत न्हाय. मधे बांध, बांधाला बारीक तोंड. मागचं तळं भरलेलंच राहतं.” त्याने टाकीचा कोपरा दाखवला. “इथं जाळीचा बांध घालू. मासा आत जाणार न्हाय. त्यांचं घर, पोरंबाळं आत. जे बाहेर येतील ते येतील. समुद्रान पण तसंच हाय ना?”

प्रज्ञाने टाकीच्या कोपऱ्यावर बोटाने जाळीची रेघ ओढून पाहिली. “तसंच आहे,” ती म्हणाली.

जाळी बसवताना दोघांची बोटं पाण्यात एकमेकांना लागली. कुणी घाईने हात काढला नाही.

“मासा वाचला तर करंजाला याल?” त्याने विचारलं. “आई सकाळीच इचारत होती, पाणी कुणाला नेतोस म्हणून.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“मी काय सांगू... तुमीच येऊन सांगा.”

तिने ओले हात पदराला पुसले. तो आगरी, ती बौद्धवाड्यातली. हा प्रश्न साध्या चहाचा नव्हता, हे दोघांना ठाऊक होतं. “वाचला तर येईन,” ती म्हणाली. “आणि काय ते येसूबाईंना मीच सांगेन. शब्द देते.”

त्यानंतर तीन आठवडे बरण्या येत राहिल्या. पहिले आठ दिवस मासा कोपऱ्यात निपचित. नवव्या दिवशी त्याने जाळीजवळ एकदा चोच मारल्यासारखं केलं. मग दोनदा. अल्पेश मात्र करंजाचं नाव पुन्हा काढेना. बरणी ठेवी, पाणी चाखी, जाई. तो शब्द तिच्यावर ओझं होऊ नये, म्हणूनच तो गप्प होता. तिला ते कळत होतं, आणि कळल्यामुळेच जास्त जीव लागत होता.

एका सकाळी बुद्धवंदना आटोपून ती टाकीपाशी आली. मँडरिन पंख पसरून दगडावरून सरकत होता. थांबे, टिपे, पुढे जाई. पोट बाजूने गोल दिसत होतं. तिने दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग आत जाऊन साडी बदलली.

“कुठं निघालीस?” आईने विचारलं.

“करंजाला. येसूबाईंकडे.”

आई पीठ मळता मळता थांबली. मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“येसूबाईंना म्हणावं, आईने निरोप दिलाय,” ती शेवटी म्हणाली. “यावंसं वाटलं तर चहाला या.”

प्रज्ञाने वाकून नमस्कार केला. करंजाला जाणारी तर धक्क्याला लागलेलीच होती. तिने तिकीट घेतलं, चपला हातात धरल्या आणि ओल्या फळीवर पाय ठेवला.