कोहळा मिळाला नाही

मोबाईल खाली ठेवा आधी. आणि संकेत, तो दिवा राहू दे. ही ऐकीव गोष्ट नाही, आपल्या रविकांतची आहे. भूलतज्ज्ञ, आयर्लंडला स्लायगोच्या हॉस्पिटलात माझ्यासोबत अकरा वर्षं होता. भुताखेतांना हसणारा माणूस.

२०२३ची खंडेनवमी. सोमवार, तेवीस ऑक्टोबर. ड्यूटी संपवून तो कोहळा शोधायला निघाला. त्यांच्या घरी नवमीला शस्त्रांची पूजा करून बळी म्हणून कोहळा कापायची रीत. एरवी बिचारा स्वयंपाकघरातली सुरी पुजायचा. त्या वर्षी मात्र लिलावात घेतलेली बोर्निओची जुनी तलवार होती. तिकडचे लढवय्ये शत्रूची मुंडकी आणायचे आणि त्यांचे केस मुठीत खोवायचे, त्यांच्यातली.

"एकदम ग्रँड पीस आहे सर," मला फोनवर म्हणाला.

"भिंतीवर लाव. पुजू नकोस," मी म्हटलं. ऐकेल तर रविकांत कसला!

स्लायगोत कोहळा कुठला मिळायला? हात हलवत परतला. घरात हॅलोवीनचा भोपळा होता. त्याच्या सहा वर्षांच्या शर्वाणीनं त्यावर मार्करनं चेहरा काढला होता. स्वतःचा. दोन वेण्यांसकट, आई रोज खोबरेल लावून घालायची तशा.

बायको, अस्मिता, म्हणाली, "अरे, तिचा आहे तो. रडेल ना."

"उद्या दुसरा आणतो गं. पूजेला उशीर होतोय."

हळदकुंकू वाहिलं. हात जोडून म्हणाला, "हा बळी गोड मानून घे." आणि एका घावात...

रात्री अकरा वीसला शर्वाणी मान धरून जिन्यावर येऊन उभी राहिली.

"डॅडी... माय नेक इज ऑफुल सोअर."

ताप नाही. जखम नाही. हॉस्पिटलात नेलं. स्कॅन स्वच्छ. रक्त स्वच्छ. आम्ही सगळे डॉक्टर, आणि एकालाही काही कळेना. मंगळवारी रात्री रविकांत घरी धावला. तलवारीपुढे डोकं टेकलं.

"माझं घे. तिचं नको... माझं घे."

...

बुधवारी पहाटे चारला तिची मान कलली.

जन्मभर लोकांना भूल देऊन जागं करणारा माणूस तो. तिला हाका मारत राहिला.

महिन्याभरानं त्यांनी घर सोडलं. तलवार मी बांधायला घेतली. मुठीत केसांचे झुपके खोवलेले. जुने. राठ. धुळकट.

त्यांत एक मऊ होता... काळाभोर.

शेवटचं पाहिलं तेव्हा शर्वाणीच्या दोन्ही वेण्या शाबूत होत्या. मी स्वतः पाहिल्या.

झुपक्याला खोबरेल तेलाचा वास येत होता.