टायर फिरवलेली वाट

कुंपणालगतच्या वाळूच्या वाटेवरून इस्माएल काचिवेना रोज संध्याकाळी गाडीमागे जुने टायर बांधून फिरवायचा. आधीचे माग पुसले जायचे आणि नंतर कोण आलं-गेलं ते सकाळी वाळूवर स्वच्छ दिसायचं. ओचिवारोंगो गावाच्या उत्तरेला खाजगी शिकाररानं सांभाळणारे सगळेच असं करतात. त्यात नवल नव्हतं.

नवल होतं हिस्कियाचं. कोणाची कोंबडी कुठे गेली तेसुद्धा वाळू बघून सांगणारा हा म्हातारा माग काढणारा, पण गेले नऊ दिवस एकाच पावलापुढे त्याची दातखीळ बसली होती.

बूट रानावरच्या सगळ्यांनाच मालकाने दिलेले, एकाच साच्याचे. पाऊल झुडपांतून निघायचं, सरळ कुंपणापर्यंत जायचं आणि तिथेच संपायचं. कुंपण आठ फुटी. पलीकडे माग नाही, परतीचाही नाही. ते जिथून निघायचं तिथे मात्र तारेचा फास सापडायचा. कुडू हरणांचे तीन दांडगे नर त्यात अडकून मेले होते. शिकारी पाहुण्यांसाठी सहा वर्षं जपलेली जनावरं! मालक संतापला होता. "उद्या दुपारपर्यंत चोराचं नाव सांग," त्याने काल इस्माएलला बजावलं होतं, "नाहीतर बायको-बाळाला घेऊन घर रिकामं कर."

ती दुपार आता झाली होती. गाडी वाटेकडेला, आजच्या मागाजवळ, तापत उभी होती.

"तितुसचं नाव देतो," इस्माएल म्हणाला. "कुंपण तोच दुरुस्त करतो. तारा त्याच्याचकडे असतात."

"चार पोरांचा बाप आहे तो," हिस्किया म्हणाला. "त्याचं पाऊल नाही हे."

"मग कोणाचं? नऊ दिवस विचारतोय, बाबा. ओळखीचं नाही म्हणता आणि माझ्याकडे बघतही नाही."

"सगळ्यांना वाळूवर चालवून पाहिलंत, साहेब. एकजण राहिला."

"कोण?"

"चाला ना. दहाच पावलं."

"ऊन लागलंय तुम्हाला," म्हणत इस्माएल हसला, पण चालला. दहा पावलांवर वळून त्याने पाहिलं.

उजवा पंजा बाहेर फिरलेला. टाच खोल रुतलेली. शेजारचा माग तंतोतंत तसाच होता. जन्मभर त्याने दुसऱ्यांची पावलं वाचली होती, स्वतःची कधी निरखून पाहिली नव्हती.

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," हिस्किया हळूच म्हणाला. "तुमचं अन्न खातो, कसं सांगू? पण साहेब, आजच्या मागाच्या कडा बघा. अजून ढासळल्या नाहीत. तासाभरापूर्वीचा आहे. आणि तुम्ही पहाटेपासून माझ्याजवळ आहात."

इस्माएल वाकून कडा निरखू लागला.

"आणि आज तो उलट दिशेने चाललाय."

टाचा कुंपणाकडे होत्या. बुटांची टोकं घराकडे.

गाडीतला वायरलेस खरखरला. इस्माएलची बायको वेझुवा बोलत होती, जरा वैतागूनच.

"हिस्कियाबाबा, कुठे राहिलात? हे केव्हाचे येऊन जेवायला बसलेत. तिसऱ्यांदा लापशी वाढली, तरी एक शब्द बोलत नाहीत. नुसते बाळाकडे बघत बसलेत."