पंख्याची बारीक शिट्टी

तो पहिल्यांदा आत आला तेव्हा मी टेबलाखाली पालथी पडले होते... कान कॉम्प्युटरच्या खोक्याला लावून.

"अहो मॅडम! चक्कर आली का?"

"श्श!"

चक्कर आलेलं माणूस दुसऱ्याला असं गप्प करत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो निमूटपणे माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला. मला आधी त्याचे बूट दिसले, मग गुडघे, मग खाली वाकलेला एक चेहरा. गोंधळलेला होता, पण बरा होता. खरं सांगायचं तर चांगलाच बरा होता.

"मागचा पंखा," तो म्हणाला.

"काय?"

"घरघरतोय ना, तो मागचा पंखा आहे. त्याचं बेअरिंग गेलंय."

मी धडपडत उठले आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं. ओळख व्हायला एवढं पुरे होतं.

मी लोकांचे कान तपासते. सगळे मला 'कानाची मॅडम' म्हणतात. माझ्या खोलीत एक छोटी काचेची केबिन आहे. पेशंटने आत बसायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायचं. आवाज मी कॉम्प्युटरवरून पाठवते, अगदी पुसट, ऐकू येतो न येतो असा. आणि नेमका तोच कॉम्प्युटर केबिनबाहेर बसून दळण दळल्यासारखा घरघरत होता. त्या आठवड्यात एका बाईंचे कान ठणठणीत असताना मी त्यांना कानाचं मशीन घ्या म्हणून सांगणार होते. वेळीच शंका आली म्हणून वाचले. तेव्हापासून मला स्वतःच्या एकाही रिपोर्टवर विश्वास वाटेना.

तो काही पंखा बघायला आला नव्हता. तो त्याच्या मामांना घेऊन आला होता. मामा दारातच उभे होते.

"काय झालं रे? पडली का ती?" त्यांनी अख्ख्या इमारतीला विचारलं.

"नाही मामा, पंखा बिघडलाय!"

"मग तू कर की! आमचा हा पंखेवाला आहे बरं का," मामा मला म्हणाले, "लोकांचे बोंबलणारे कॉम्प्युटर गप्प करतो. दुकान आहे त्याचं. लग्न व्हायचंय."

बाहेर बाकावर बसलेले तिघेही एकदम खोकले. पंखेवाल्याचे कान लाल झाले. माझ्या धंद्यात कानांकडे आधी लक्ष जातं.

"कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत नाही का ठेवता येणार?" तो घाईघाईने म्हणाला.

"दुसऱ्या खोलीत दाताचे डॉक्टर असतात."

"मग राहू द्या... इथेच बरा आहे तो."

त्याने कॉम्प्युटरच्या खोक्याची बाजू उघडली. आत तीन पंखे होते, धुळीने माखलेले.

"डोळे मिटा. मी एकेक पंखा क्षणभर थांबवतो. घरघर गेली की सांगा."

मी डोळे मिटले. पहिला... नाही. दुसरा... नाही. तिसरा...

"हा!"

"मी म्हटलं होतं. आता तुम्हीच थांबवून बघा. पात्यांना हात नाही लावायचा हं. मधल्या गोल चकतीवर बोट ठेवायचं, अगदी हलकं."

मी बोट पुढे केलं, पण धीर होईना. मग त्याने माझं मनगट धरून ते बरोबर मधोमध नेलं. पंखा थांबला. खोलीत एकदम शांत झालं आणि मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू यायला लागली. त्यालाही ती ऐकू जात असेल, या विचाराने मी पटकन बोट काढून घेतलं.

दोन दिवसांनी तो पिशवीभर पंखे घेऊन आला. मग परत आला. मग एकदा स्क्रूड्रायव्हर विसरला म्हणून आला आणि जाताना टोपी विसरून गेला.

"एवढा मोठा पंखा कशाला?" मी विचारलं.

"मोठ्याला घाई करावी लागत नाही. सावकाश फिरला तरी भरपूर हवा ढकलतो. लहान पंख्याला तेवढ्याच कामासाठी पळावं लागतं, मग तो ओरडतो."

"लहानखुरा आणि ओरडणारा... माझ्याबद्दल बोलताय का?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीत. बघितलंत मात्र."

तो हसला. हसताना तो खाली बघायचा आणि मी बोलायला लागले की वर बघायचा... थेट माझ्या ओठांकडे. खुर्ची ओढून इतक्या जवळ बसायचा की मला माझं बोलणं आठवायला वेळ लागायचा. मान किंचित कलती, डोळे माझ्यावर, जणू माझा एक शब्द जरी सांडला तरी त्याचं नुकसान होणार होतं. आजवर माझं बोलणं असं कुणी ऐकलं नव्हतं. घरी तर आई टीव्हीकडे बघत 'हं, हं' करते. मी पार विरघळून गेले होते, उगाच नाही कशाला म्हणू?

"पुढचा पंखा गार हवा आत घेतो, मागचा गरम हवा बाहेर टाकतो," तो सांगायचा. "दोघांनी एकाच दिशेला तोंड करायचं. समोरासमोर उभे राहून भांडले की आतलं सगळं तापतं."

"संसाराचा अनुभव दांडगा दिसतोय!"

"पंख्यांचा संसार. हे बघा, स्क्रूने आवळला तर थरथर सगळ्या पत्र्यात पसरते. म्हणून रबरी खुंट्या लावल्यात. आणि याचा वेग बांधून दिलाय. कॉम्प्युटर जरा तापला की लगेच धावत सुटायचं नाही, दमानं घ्यायचं. माणसाला आवाजाचा एवढा त्रास होत नाही, जेवढा तो सारखा चढत-उतरत राहिल्याचा होतो."

"माणसांनाही शिकवता का हे दमानं घ्यायला?"

"स्वतःला शिकवतोय..." तो रबरी खुंटी उगाचच फिरवत राहिला, "पण इथे आलो की जमत नाही."

त्या दिवशी मी दोन पेशंटचे डावे-उजवे कान उलटे लिहिले.

शेवटी त्याने त्याच्याकडचा सगळ्यात भारी पंखा आणला. पहाटेच पावसाची एक सर येऊन गेली होती आणि त्याच्या खांद्यावर अजून ओल होती. त्याने पंखा बसवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

"ऐका. काय ऐकू येतंय?"

मी ऐकलं. घरघर पार गेली होती. पण तिच्या जागी एक बारीक, टोकदार शिट्टी येत होती.

"शिट्टी येतेय," मी म्हटलं.

"चेष्टा करताय."

"नाही हो, खरंच."

त्याने कान खोक्याला टेकवला. डावा लावला, मग उजवा. "काही नाही. एकदम शांत! भास होतोय तुम्हाला."

मी हसत होते... आणि हसता हसता थांबले. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो तोंडासमोर धरला आणि मुद्दाम बारीक 'स'-'श'चं एक वाक्य हळूच म्हटलं, "सकाळी सात वाजता शहाळी आणा."

"काय?" तो पुढे वाकला. "कप काढा ना तोंडासमोरचा, काही कळत नाहीये."

कप मी खाली ठेवला. ओठांकडे बघणं, जवळ बसणं, कलती मान... बारीक आवाज ज्याला ऐकू येत नाहीत तो माणूस अगदी असाच वागतो. हे मी रोज दहा जणांमध्ये ओळखते. मामांमध्ये तर ते दारातून आत येतानाच ओळखलं होतं. आणि हा इतके दिवस समोर बसत होता तर मी त्याच्या ऐकण्याला प्रेम समजून बसले होते. मला त्याची काळजी वाटली, माझी लाज वाटली आणि कुणाचा तरी खूप राग आला. बहुतेक माझाच.

"तुम्हाला वरचे, बारीक आवाज कमी ऐकू येतात," मी म्हटलं. आवाज अगदी दवाखान्यातला निघाला. "तपासून घ्यायला हवं. आधी कुठे गोंगाटात काम करत होता का?"

"एका कंपनीच्या कॉम्प्युटरच्या हॉलमध्ये. शेकडो पंखे एकदम चालायचे..." तो बोलता बोलता थबकला. "मॅडम, मी आवाज घालवण्याचा धंदा करतो. लोक माझ्या कानांच्या भरवशावर पैसे देतात."

"म्हणूनच सांगतेय."

त्याने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. या वेळी काहीही विसरला नाही.

पुढचे काही दिवस ती शिट्टी आणि मी दोघीच त्या खोलीत होतो. ती केबिनमध्ये जात नव्हती, त्यामुळे कामाला अडथळा नव्हता. पण माझ्या डोक्यातून ती जात नव्हती.

मग मामा आले, मी त्यांना दिलेलं कानाचं मशीन नीट बसवून घ्यायला. मशीन लावल्यापासून ते एवढं हळू बोलायला लागले होते की मलाच पुढे वाकावं लागलं.

"दुकानात नुसता बसून असतो," ते कुजबुजले. "मी म्हटलं, अरे, मी नाही का लावलं मशीन? तर म्हणतो, 'लोकांचं मी बघून घेईन हो मामा. पण आता मॅडमच्या लेखी मी पेशंट झालो.'"

"एवढंच म्हणाला?"

"बाई गं, एवढं बोलायला त्याला दोन दिवस लागले."

संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले. भिंतीवर खिळ्यांना पंखे टांगलेले होते आणि टेबलावर एक कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता. मला बघून तो उभा राहिला. खुर्ची द्यावी की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"पंखा परत करायला आलात?"

"नाही. तुम्हाला न्यायला आले. कान तपासायला."

"पेशंट म्हणून?"

"माझ्या केबिनमध्ये जी शांतता आहे ती तुम्ही बनवलीत. त्या शांततेत निघालेला रिपोर्ट खोटा नसणार, एवढं मला माहितीय. तुमच्याशिवाय हे कुणाला कळणार?"

त्याने एका पंख्याच्या पात्यावरची धूळ पुसली.

"एक विचारू? तुम्ही तर कानांच्या तज्ज्ञ. मग इतके दिवस तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

या प्रश्नाची मला भीती होती. पण मी त्याच्यासमोर, नीट उजेडात उभी राहिले, म्हणजे त्याला प्रत्येक शब्द दिसेल.

"तुम्ही इतके जवळ बसायचात, माझ्या ओठांकडे बघत ऐकायचात... मला वाटलं, त्याचं कारण वेगळंच आहे. मला ते वेगळंच कारण हवं होतं. म्हणून नाही कळलं."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "उद्या येतो," तो म्हणाला.

तो आला. केबिनमध्ये बसला, काचेतून माझ्याकडे बघत. सुरुवातीला बटण भराभर दाबत होता. मग आवाज बारीक होत गेले आणि त्याचा अंगठा नुसताच थांबून राहिला. मी पाठवत होते, त्याला पोचत नव्हतं. काचेच्या अलीकडे बसून मला कधी नव्हे ते रडू आलं आणि मी ते गिळून टाकलं. नुकसान फार नव्हतं. मशीनने भागण्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. मामाही सोबत होते, बाहेर बाकावर. मी त्याच्या दोन्ही कानांमागे मशीन बसवलं आणि सुरू केलं. तो दचकला. पिशवीची चुरचुर ऐकून हसला. खिडकीवर पावसाची भुरभुर सुरू होती, ती ऐकत जरा वेळ नुसता बसला. आणि मग त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला.

"ई! हे काय वाजतंय?"

"तुमचा भारी पंखा. एकदम शांत!"

"अहो, हे इतकं किरटं वाजतंय आणि तुम्ही सहन केलंत?"

तो धावतच कॉम्प्युटरपाशी गेला. पंख्याचा वेग थोडा कमी केला, ऐकलं. आणखी थोडा कमी केला. शिट्टी पातळ झाली, अडखळली...

"गेली?" मी विचारलं.

"थांबा... गेली."

खरंच गेली होती. आम्ही दोघं पहिल्यांदाच सारखीच शांतता ऐकत होतो. आणि मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

मी उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्याच्याकडे पाठ केली, म्हणजे त्याला माझे ओठ दिसणार नाहीत, आणि अगदी हळू म्हटलं, "आता न बघताही ऐकू येतं ना?"

"येतं." मागून लगेच उत्तर आलं.

"मग झालं तर. आता एवढ्या जवळ यायचं काही कारण उरलं नाही."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो निघाला, असं मला वाटलं. पण खुर्ची दाराकडे गेलीच नाही. ती फरफटत माझ्याकडे आली, वळसा घालून माझ्या पुढ्यात आली, पूर्वी असायची त्याहूनही जवळ. तो बसला, मान कलती केली आणि माझ्या ओठांकडे बघायला लागला.

"स्पष्ट ऐकू येतंय ना?" मी कसंबसं म्हटलं.

"अगदी स्पष्ट."

"मग हे काय?"

"तेव्हाही कानांचं कारण अर्धंच होतं."

"आणि... उरलेलं अर्धं?"

बाहेरून मामांचा आवाज आला, पूर्वीसारखा दणदणीत. "अरे, जरा मोठ्यानं बोला! इथपर्यंत काही येत नाहीये!"

तो हसला, पण मोठ्याने बोलला नाही. पुढे वाकून त्याने उरलेलं अर्धं कारण सांगितलं. दोनच शब्द होते, आणि त्यातला एक 'तू' होता.

माझे कान ठणठणीत आहेत. मी दरवर्षी तपासते. मला दोन्ही शब्द अगदी स्वच्छ ऐकू आले होते.

तरी मी मान कलती केली, थोडी पुढे सरकले आणि म्हटलं, "काय? नीट ऐकू नाही आलं."