क्लोव्हिसच्या दारातलं गाऱ्हाणं

बसा. बाल्कनीचं दार तेवढं ओढून घ्या, बाहेर धुकं उतरायला लागलंय. आणि हा टेबलावरचा दिवा राहू दे, मोठी ट्यूब नको. सून ऑफिसातून यायची आहे, तोवर एक हकिकत सांगतो. खोटी वाटली तर खुशाल हसा. जन्मभर लोकांना गंडवत आलोय मी, मला राग येत नाही.

परवाचं तिकीट आहे माझं. कायमचं. निनाद म्हणतो, "बाबा, दुकान खलास, आता गावी आराम करा." गुहागरच्या पुढे आमचं गाव. शिमग्याला पोचायचंय एवढंच मनात आहे. बाकी काही नको.

शाळा चौथीपर्यंत. मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली, तिथे शिक्षण संपलं. पण कात्री हातात बसली, आणि कात्रीनेच मला शारजात आणलं. रोल्लात माझं टेलरिंगचं दुकान, शेजारी मुनीरचं मसाल्याचं. मुनीर दाभोळ खाडीचा. त्याच्या मिरच्यांनी मी शिंकायचो आणि माझ्या थापांनी तो. अशी आमची दोस्ती.

महिनाभरापूर्वी दुकानात एक म्हातारा गोरा आला. उंच, वाळलेला, हातात पिशवी. क्लोव्हिस त्याचं नाव. अमेरिकेत लुइझियाना म्हणून दलदलीचा मुलूख आहे, तिथला. पण इथे तेलाच्या कंपनीत एवढी वर्षं काढलेली की मोडकं हिंदी बोलायचा. पिशवीतून त्याने एक पोशाख काढला. हिरवा-पिवळा, अंगभर झालरी. सोबत शंकूसारखी उंच टोपी, आणि खिडकीच्या जाळीचा मुखवटा.

मी ओरडलोच. "अरे मुनीर, इकडे ये! हा बघ आपला शिमग्यातला संकासूर!"

मुनीर आला, बघितलं, म्हणाला, "दत्त्या, टोपी तीच रे. फक्त आपला काळा असतो."

क्लोव्हिसने सांगितलं ते ऐकून आम्ही थक्क. त्यांच्याकडेही उपासाच्या दिवसांआधी मुखवटे घालून लोक दारोदार फिरतात. पुढे एक म्होरक्या, पांढरं निशाण घेऊन. तो दारात विचारतो, आम्हाला घेता का? मग गाणं, नाच, आणि भीक. तांदूळ, कांदा, कोंबडी, मिळेल ते. शेवटी सगळं एका भांड्यात शिजतं. त्याला गंबो म्हणतात. आमच्या शिमग्याच्या खेळ्यांसारखंच की हो! सात समुद्र ओलांडले तरी माणसाचं सोंग आणि पोट एकच.

"मास्टर," मुनीर त्याच्या दुकानात परतल्यावर क्लोव्हिस म्हणाला, "हा ड्रेस माझ्या बायकोचा. ओडीलचा. तिने हाताने शिवला. याच्यासारखे माझ्या मित्रांसाठी बनव, इथे एकदा हा खेळ करायचाय."

ओडील इथेच वारली होती. इथल्याच कबरस्तानात होती. म्हाताऱ्याची नोकरी संपली, व्हिसा संपत आला, आणि खेळ करायचा त्याच संध्याकाळचं त्याचं विमान. दोन वर्षं तो जाणं पुढे ढकलत होता. "तिला वाळूत एकटी सोडून जाऊ कसा?" असं म्हणाला आणि माझ्या शिलाई मशीनकडे बघत राहिला. "पण माझी बहीण तिकडे थकलीय. जायला पाहिजे. एकदा ओडीलचा खेळ करतो आणि जातो."

मी म्हटलं, मी येणार. संकासुराचं अंग आहे माझं.

ओडीलचा पोशाख नमुना म्हणून दुकानातच खुंटीला ठेवला. तो मी कुठेही नेला नाही, हे लक्षात असू द्या.

खेळाच्या दिवशी सकाळी पोशाख पोचवायला मी आणि मुनीर निघालो. अल धैदच्या रस्त्याला वाळवंटाच्या काठावर त्याच्या कंपनीच्या घरांचा कंपाउंड. धुकं असं, की गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. मुनीर कलमा पुटपुटत चालवत होता आणि मी मुद्दाम मध्येच "उंट!" म्हणून ओरडत होतो.

"मेल्या, मारशील," तो म्हणायचा.

क्लोव्हिसच्या घरात सामान बांधलेलं. दाराशी बॅगा, वर पासपोर्ट. भिंतींवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन. स्वयंपाकघरात मात्र मोठं बिडाचं भांडं. तेलात मैदा घालून तो मंद आचेवर ढवळायचा, भाजक्या काजूच्या टरफलासारखा रंग येईपर्यंत. हात थांबला की करपला. मग त्यात कांदा, भोपळी मिरची, आणि भेंडी. भेंडी! एवढा प्रवास करून शेवटी भेंडी, मी मुनीरला म्हटलं.

"दोन वर्षं झाली, माझ्या हातून करपतंच," क्लोव्हिस म्हणाला. म्हणून ढवळायला मुनीरला बसवला. त्याच्या पोटावर बसेल असा पोशाख मी शिवलाच नव्हता.

क्लोव्हिसचे चार-पाच मित्र जमले होते. एकाच्या हातात भात्याची पेटी, एकाकडे फिडल, एकाच्या छातीवर पत्र्याचं जाकीट, त्यावर तो चमचे घासायचा. मी कंपाउंडच्या फाटकापाशी सगळ्यांना शिकवलं. "मी बोललो की तुम्ही ओरडायचं, होय महाराजा!" गोऱ्यांच्या तोंडी "होय महाराजा" ऐकून मला हसून हसून ठसका लागला. सिक्युरिटीवाला घाबरून आला, इथे भीक मागणं गुन्हा. क्लोव्हिसने परवानगीचा कागद दाखवला तेव्हा त्याने सोडलं, आणि स्वतःच्या डब्यातला कांदा दिला.

मग निघालो. आणि काय सांगू, गाणं सुरू झालं तसं माझं हसू आटलं. मला वाटलं होतं धांगडधिंगा असेल. ते गाणं रडवं होतं. खालच्या सुरात, एकच ओळ फिरून फिरून. धुक्यात पुढे क्लोव्हिसच्या हातातलं पांढरं निशाण तेवढं हलायचं, मागे पत्र्यावर चमचे खरवडल्याचा आवाज. जाळीच्या आडून कोण कोण आहे कळत नव्हतं. दारं उघडायची, कोणी तांदूळ द्यायचं, कोणी फ्रीजमधली गोठलेली कोंबडी. एका घरातली पोरगी मला बघून म्हणाली, "Mummy, he smells like cupboard." तेवढंच काय ते हसू.

शेवटी फिरून क्लोव्हिसच्याच दाराशी आलो. तो थबकला. स्वतःच्या दारात कोणाला विचारायचं? निशाण खाली घेतलं त्याने. खांदे हलत होते. मुखवट्याच्या आत माणूस रडतोय हे कळायला डोळे लागत नाहीत.

मला ते बघवेना. म्हटलं, हसवतो म्हाताऱ्याला. पुढे झालो, दारावर थाप मारली आणि गावच्या गुरवासारखा आवाज काढून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! ह्या दारात उभे आहोत, ऐकून घे. ह्या घरातलं जे माणूस बाहेर पडलंय, त्याला घरी आण रे महाराजा!"

"होय महाराजा!" मागून सगळे.

"आणि जे निघालंय, त्याला जाऊ देऊ नको रे महाराजा!"

"होय महाराजा!"

क्लोव्हिस हसला. खरंच हसला. आणि दार उघडलं.

पुरतं नाही, हातभर. आतून बाही बाहेर आली, हिरवी-पिवळी, झालरीची. मुठीतले तांदूळ माझ्या टोपीत पडले. हात ओला होता आणि त्याला भाजल्या मैद्याचा वास.

"मूठभरच? कंजूस साल्या," मी म्हटलं. मुनीरच तो, दुसरं कोण? कोणाचा तरी पोशाख अडकवला असेल.

दार लागलं. मी वळलो तर मुनीर मागच्या अंगणातून येत होता. हात पुसत.

"तू इकडे? भांड्याशी कोण?"

"बाई आहेत ना," तो म्हणाला. "त्यांनी चमचा घेतला हातातून. बाहेर बस म्हणून खूण केली. साहेबांची बायको छान आहे रे… फक्त बोलत नाही."

मुनीरला मी ओडील वारल्याचं सांगितलंच नव्हतं. विषयच निघाला नव्हता.

क्लोव्हिसने ऐकलं. मुखवटा काढला, आत गेला. आम्ही मागोमाग. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. भांडं आचेवर, मैदा नेमक्या रंगाला आलेला, आणि चमचा कडेला टेकलेला, अजून थेंब गळत होता. क्लोव्हिसने बोटाला लावून चाखलं. मग खुर्चीत बसला.

मित्रांनी गंबो शिजवला, जेवले, गप्पा मारायचा प्रयत्न केला, आणि एकेक करून निघून गेले. मिळालेलं सगळं भांड्यात पडायला हवं, म्हणून माझ्या टोपीतले तांदूळही पडले होते. मी जेवलो. मुनीर जेवला. चव? आईच्या हातची असते ना, तशी. पण घास गिळताना घशाशी गार लागत होता.

दुपार सरली तरी धुकं हललं नाही. टॅक्सी दाराशी आली. क्लोव्हिसने आम्हाला बाहेर नेलं आणि हळूच विचारलं, "मास्टर, दारात तू काय बोललास?"

मी सांगितलं. जाळीतून नाही, तोंडासमोर सांगितलं.

"नाव घेतलं होतंस?"

नव्हतं घेतलं. आमच्याकडे गाऱ्हाण्यात नाव, घराणं, गाव सगळं घ्यावं लागतं, गुरव चुकत नाही. मला त्याचं आडनाव जिभेवर येत नव्हतं, म्हणून मी नुसतंच म्हटलं होतं, जे निघालंय. त्यात निघालेला कोणीही आला.

"उलटं बोल," तो म्हणाला. "मला जायचंय. बहीण वाट बघतेय… पण आत गेलो की पाय निघत नाही. लवकर बोल."

तो बॅगा घ्यायला आत गेला. मी दारासमोर हात जोडले. "बा देवा महाराजा, जाणाऱ्याला सुखाने जाऊ दे रे महाराजा!" आणि मुनीरकडे बघितलं. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मुनीर लहानपणापासून आमच्या शिमग्यात उभा राहिलेला. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

आत चमच्याची खरवड सुरू झाली. संथ. भांड्याच्या तळाला.

मग आतून कडी लागली.

आम्ही दार ठोठावलं, टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. क्लोव्हिस आतून बोलला, अगदी दाराशी येऊन, "जा तुम्ही, मास्टर. जेवण झालं नाही अजून." आवाज घाबरलेला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांनी कुलूप तोडलं. बॅगा तिथेच, पासपोर्ट तिथेच. भांडं घासून पालथं घातलेलं, शेजारी दोन ओल्या ताटल्या. माणूस नाही. पोलिस आले, मला आणि मुनीरला चारदा विचारलं. काय सांगणार?

दुकान रिकामं करताना मी ओडीलचा पोशाख खुंटीवरून काढला. बाह्यांच्या झालरी ओल्या होत्या, आणि कोपरापर्यंत मैदा.

मुनीर गेल्या आठवड्यात मुंबईला निघाला होता, भाच्याच्या लग्नाला. विमानतळावरून परत आला. का, ते सांगत नाही. दुकानात बसतो, उजवा हात गोल गोल फिरवत असतो. मी चेष्टा केली तर हसतसुद्धा नाही.

आणि माझं परवाचं तिकीट आहे. जाणार मी, इन्शाल्ला. शिमग्याला पोचायचंय.

तुम्ही असे वळून का बघताय? स्वयंपाकघरात कोणी नाही. आमची अनुपमा, सून हो, साडेसातशिवाय येत नाही.

पण भाजल्या मैद्याचा वास तुम्हालाही येतोय ना?